मद्रासचा तिपेडी दोर

कांगारूची शेपटी ही काही मद्रासच्या बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. तरीही १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मद्रास विद्यापीठाच्या गिंडी भागातल्या प्रयोगशाळेत, क्ष-किरणांच्या यंत्रासमोर, कांगारूच्या शेपटीतली कंडरा बसवलेली होती. फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून दोन माणसे शरीरातल्या सर्वांत मुबलक प्रथिनाचा, कोलॅजेनचा, आकार ओळखू पाहत होती. एक गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि दुसरे त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था. कंडरा मिळाली होती शेजारच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून. कातडे हा मद्रासचा जुना व्यापार, आणि कमावलेले कातडे म्हणजे बव्हंशी कोलॅजेनच. त्यामुळे १९४८ साली निघालेल्या त्या संस्थेला या प्रथिनात रस असणे साहजिक होते. कांगारूच्या आधी या दोघांनी शार्क माशाच्या पराचे कोलॅजेन घेऊन पाहिले होते, पण त्याची चित्रे हवी तशी येईनात. कांगारूची आली.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट पट्टी. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ती आपल्या अंगातली सर्वांत जाड. पाणी वगळले तर तिच्यात बहुतेक सगळे कोलॅजेनच उरते. तेच कोलॅजेन कातडीत आहे, हाडात आहे, डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातही आहे. मग शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा कंडरेकडेच का वळले? कातडीत त्याचे तंतू आडवेतिडवे जातात. कंडरेत मात्र ते सगळे एकाच दिशेने, ओढ ज्या दिशेने बसते त्याच दिशेने, शेजारी शेजारी लागलेले असतात. क्ष-किरणांना अशी शिस्त लागते. रेणू एका दिशेने मांडलेले असले तरच विखुरलेल्या किरणांतून त्यांच्या रचनेचा काही मेळ लागतो, नाहीतर नुसती धूसर वर्तुळे मिळतात. उंदराच्या शेपटीतली कंडरा चिमट्याने ओढली की लांबच लांब पांढरा धागा सुटून येतो. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांचे काम त्या धाग्यावरच चालले आहे.

मद्रासच्या आधी या प्रश्नावर हात आजमावून झालेली माणसे साधी नव्हती. इंग्लंडात लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथल्या विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या धाग्यावर क्ष-किरण टाकता टाकता सगळ्याच तंतुमय प्रथिनांच्या मागे लागले. १९४० साली त्यांनी फ्लॉरेन्स बेल यांच्यासह कोलॅजेनची एक रचना सुचवली. (डीएनएची अगदी सुरुवातीची क्ष-किरण चित्रे १९३८ मध्ये घेणाऱ्या त्याच या बेल. त्यांचे नाव आज क्वचितच कुणाच्या तोंडी येते.) ॲस्टबरींची रचना अमिनो आम्लांच्या एकेरी साखळीची होती आणि ती टिकली नाही. मात्र या प्रथिनातले दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असावे, हा त्यांचा अंदाज पुढे सगळ्यांच्या कामी आला. १९४८ मध्ये ब्रिटिश कातडे उद्योगाच्या संशोधन संस्थेतल्या बोज आणि केंटन यांनी कोलॅजेनमधल्या अमिनो आम्लांची सविस्तर मोजणी प्रसिद्ध केली. तिच्यातही ग्लायसीनचा वाटा साधारण एकतृतीयांशच निघाला.

मग १९५१ चा वसंत आला. कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी प्रथिनांच्या रचनेवर एका दमात निबंधांची रांग लावली. केराटिनसारख्या प्रथिनांतले अल्फा मळसूत्र त्यांनी अचूक हेरले होते आणि त्यासाठी जग त्यांना आजही मानते. त्याच रांगेत कोलॅजेनवरही एक निबंध होता. त्यात तीन साखळ्या होत्या, म्हणजे आकडा बरोबर होता, पण बाकीची मांडणी चुकली होती. थोरांच्या चुका इतिहासातून लवकर गळतात. पण या चुकीचा एक परिणाम झाला. पॉलिंग यांनी हात घालूनही कोलॅजेन सुटलेले नाही, हे क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक झाले.

मद्रासला ही बातमी घेऊन आले जे. डी. बर्नाल. इंग्लंडातले नामांकित स्फटिकशास्त्रज्ञ, विचारांनी साम्यवादी, गप्पांना बसले की ज्ञानाचा धबधबा. १९५२ मध्ये ते मद्रास विद्यापीठात आले असताना रामचंद्रन यांच्याशी बोलता बोलता म्हणाले की कोलॅजेनच्या आजवर सुचवलेल्या रचना समाधानकारक नाहीत. रामचंद्रन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि विभागप्रमुख म्हणून नुकतेच रुजू झाले होते. करण्याजोगा मोठा प्रश्न त्यांना हवाच होता.

ते त्या खुर्चीवर कसे आले, तेही सांगण्यासारखे आहे. जन्म १९२२ चा, एर्नाकुलमचा. वडील गणिताचे प्राध्यापक. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले ते विद्युत अभियांत्रिकीसाठी. तिथे सी. व्ही. रामन यांच्या नजरेस पडले. असा मुलगा अभियांत्रिकीत वाया जाईल असे म्हणून रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे ओढून घेतले. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दोन वर्षे काढून रामचंद्रन बंगळूरला परतले. मद्रासचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी नव्या भौतिकशास्त्र विभागासाठी आधी रामन यांनाच विचारले होते. रामन यांनी आपल्याऐवजी या शिष्याचे नाव पुढे केले.

कार्था हे मद्रासमधले रामचंद्रन यांचे पहिले मोठे साथीदार. दोघांच्या हाताशी कांगारूच्या कंडरेची चित्रे होती, ग्लायसीनचा तो एकतृतीयांशाचा आकडा होता आणि तार-गोळ्यांचे नमुने बांधण्याची चिकाटी होती. संगणक नव्हता.

ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. बाकीच्यांना मुख्य साखळीच्या बाजूला लहानमोठी शाखा असते, ग्लायसीनला शाखेच्या जागी हायड्रोजनचा एक अणू. दर तिसऱ्या जागी निसर्गाने हे सर्वांत छोटे माणूस उभे केले असेल तर त्याला तसे कारण असले पाहिजे. रामचंद्रन आणि कार्था यांनी ते कारण ओळखले. तीन साखळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, प्रत्येकीला मळसूत्राचा पीळ दिला आणि प्रत्येक फेऱ्यात तीन अमिनो आम्ले बसवली, की दर तिसरे आम्ल आतल्या बाजूला येते. तिन्ही साखळ्यांच्या मधोमध इतकी कमी जागा उरते की तिथे ग्लायसीनखेरीज दुसरे कुणी मावणार नाही. अंदाजाने आलेला आकडा अशा रीतीने भूमितीत जाऊन बसला. ऑगस्ट १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा दोन पानांचा निबंध आला.

ही पहिली रचना म्हणजे तीन सुटी मळसूत्रे, एकमेकांना समांतर, एकमेकांभोवती न गुंडाळलेली. क्ष-किरणांच्या चित्राशी ती पुरती जुळत नव्हती. चित्र सांगत होते की एका फेऱ्यात नेमकी तीन आम्ले नाहीत, किंचित जास्त आहेत. साधारण ३.३३, म्हणजे तीन फेऱ्यांत दहा. पण मग अडचण उभी राहते. फेरा नेमक्या तीनवर पुरा झाला नाही तर दर तिसरे आम्ल हळूहळू आतली बाजू सोडून बाहेर सरकू लागते. ग्लायसीन आतच राहिले पाहिजे आणि फेरा तर तीनवर पुरा होत नाही. हा गुंता रामचंद्रन यांनी चंद्राच्या आठवणीने सोडवला, असे ते स्वतःच सांगत. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तसाच स्वतःभोवतीही फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू सदैव आपल्याकडे असते. साखळीनेही तसेच करावे. स्वतःचा पीळ घेत असताना तिने बाकीच्या दोघींसह एका सामाईक अक्षाभोवतीही फिरावे. मग ग्लायसीन आतच राहते आणि तीन फेऱ्यांत दहा हा हिशेबही जुळतो.

सप्टेंबर १९५५ च्या 'नेचर'मध्ये ही गुंफलेली रचना आली. काथ्याचा दोर ज्यांनी वळलेला पाहिला असेल त्यांना तिची रीत ओळखीची वाटेल. एकेक पेड एका दिशेने पिळायचा आणि तिन्ही पेड मिळून उलट्या दिशेने वळायचे, म्हणजे दोर उकलत नाही. कोलॅजेनची प्रत्येक साखळी डावीकडे पीळ घेते आणि तिन्ही मिळून उजवीकडे गुंफल्या जातात. पायाचा रस्सा तासन्‌तास उकळला की हा दोर उष्णतेने उकलतो, साखळ्या सुट्या होऊन पाणी धरून बसतात, आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यात रस्सा थिजलेला सापडतो. जिलेटिन ते हेच.

इथून गोष्ट केंब्रिजकडे वळते. डीएनएच्या रचनेमुळे फ्रान्सिस क्रिक यांचे नाव तोवर झाले होते. त्या वर्षी अमेरिकेतून अलेक्झांडर रिच त्यांच्याकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि काम रंगल्यामुळे महिनोन्‌महिने राहिले. दोघांनी आधी नुसत्या ग्लायसीनच्या कृत्रिम साखळीच्या एका स्फटिक रूपाची रचना सोडवली. तिच्यातल्या तीन शेजारच्या साखळ्या उचलून एकमेकांभोवती किंचित वळल्या तर कोलॅजेनसारखेच काहीतरी तयार होते, हे त्यांच्या ध्यानात आले. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्यांचा निबंध आला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात, जिथे डीएनएचे काम झाले होते त्याच जॉन रँडल यांच्या प्रयोगशाळेत, कोलॅजेनवरही एक गट काम करत होता. त्यांचाही निबंध वर्ष संपायच्या आत 'नेचर'मध्ये छापून आला.

रिच आणि क्रिक यांनी मद्रासच्या कामाचा उल्लेख टाळला नाही. गुंफलेल्या मळसूत्राची मूळ कल्पना बरोबर आहे, प्रत्यक्ष रचना मात्र चुकीची आहे, असा त्यांचा निवाडा होता. आक्षेप नेमका होता. रामचंद्रन आणि कार्था यांनी दर तीन आम्लांमागे साखळ्यांना जोडणारे दोन हायड्रोजन बंध बसवले होते, आणि ते बसवताना काही अणू एकमेकांच्या नको तितके जवळ आले होते. दोन अणू एका ठराविक अंतरापेक्षा जवळ आले की ते एकमेकांना ढकलतात. रिच आणि क्रिक यांनी तीन आम्लांमागे एकच बंध ठेवला आणि गर्दी टाळली.

आपल्याकडे ही हकिगत बहुतेक वेळा अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मद्रासमधल्या माणसाने आधी सोडवले, केंब्रिजवाल्यांनी श्रेय लांबवले. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पुढची कित्येक वर्षे परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत मद्रासचे नाव उशिरा आणि पुसटसे येत राहिले. पण अन्यायाची गोष्ट सांगताना त्यातला खरा रंजक भाग सुटतो. एका बंधाच्या मुद्द्यावर टीकाकार बरोबर होते. आज मान्य असलेल्या रचनेत तीन आम्लांमागे साखळ्या-साखळ्यांमधला थेट बंध एकच आहे. रामचंद्रन यांनाही हे पुढे मानावे लागले. १९६८ मध्ये चंद्रशेखरन यांच्यासह त्यांनी दुसऱ्या बंधाची जागा पाण्याच्या रेणूला दिली. साखळ्या थेट न जोडता पाण्यामार्फत जोडल्या जातात, असा तो प्रस्ताव होता.

आणि गर्दीचा तो आक्षेप? तो रामचंद्रन यांना झोंबला. अणू किती जवळ येऊ शकतात हे ठरवले कुणी, आणि कशावरून? त्यांनी पुस्तकातले आकडे बाजूला ठेवून तोवर सोडवल्या गेलेल्या अमिनो आम्लांच्या व छोट्या पेप्टाइडांच्या स्फटिकांतली खरी अंतरे गोळा करायला घेतली. स्फटिकांत अणू कधी कधी मानलेल्या मर्यादेपेक्षा जवळ बसलेले दिसले. मग त्यांनी दोन मर्यादा ठरवल्या, एक नेहमीची आणि एक टोकाची. इथपर्यंत आल्यावर प्रश्न कोलॅजेनपुरता राहिला नाही. कुठल्याही प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक आम्लापाशी दोन सांधे फिरू शकतात. या दोन कोनांच्या कुठल्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात आणि कुठल्यांत नाही? व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह त्यांनी जोडी जोडी तपासली, तीही हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर, आणि उत्तराचा एक चौकोनी आलेख काढला. १९६३ मध्ये तो 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त छापून आला. त्या चौकोनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग बहुतेक आम्लांना निषिद्ध निघाला. ग्लायसीनला मात्र शाखाच नसल्याने जवळपास निम्मा चौकोन मोकळा.

जगात आज कुणीही प्रथिनाची रचना सोडवली की ती रामचंद्रन आलेखावर तपासून पाहतात. निषिद्ध भागात ठिपके फार पडले तर कुठेतरी चुकले आहे असे समजतात. कोलॅजेनची अचूक रचना पहिल्याच फटक्यात जमली असती तर हा आलेख मद्रासमध्ये निघाला असता का, याची मला शंका आहे.

कार्था पुढे अमेरिकेत बफेलोला गेले. १९६७ मध्ये बेलो आणि हार्कर यांच्यासह त्यांनी रायबोन्यूक्लिएज या विकराची त्रिमितीय रचना सोडवली. भारतात मात्र ते बहुधा 'रामचंद्रन आणि कार्था' या जोडनावातच उरले.

इथवर झाली एका रेणूची गोष्ट. हा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कंडरेत असे अगणित रेणू एकत्र येऊन तंतुके बनतात. ते रचले कसे जातात, हे कोडे दुसऱ्याच वाटेने आणि थोडे आधीपासून चालत आले होते.

१९४२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फ्रान्सिस श्मिट, सेसिल हॉल आणि मेरी जेकस यांनी कोलॅजेनची तंतुके तेव्हाच्या अगदी नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तंतुकावर आडवे पट्टे दिसले. गडद, फिका, गडद, फिका, सारख्या अंतरावर, टोकापासून टोकापर्यंत. पट्ट्याची एक जोडी सुमारे ६४ नॅनोमीटरची. त्याच वर्षी त्याच संस्थेतल्या रिचर्ड बेअर यांना क्ष-किरणांतूनही हेच अंतर मिळाले. सूक्ष्मदर्शकात नमुना वाळवून ठेवावा लागतो. ओल्या, जिवंतपणीच्या कंडरेत हे अंतर ६७ नॅनोमीटर भरते.

आता त्रैराशिक मांडून पाहा. रेणू ३०० नॅनोमीटर, पट्टा ६७. भागाकार येतो साडेचारच्या जरा आत. पूर्ण आकडा आला असता तर काम सोपे होते. रेणू टोकाला टोक लावून ठेवायचे, शेजारची रांग एका पट्ट्याने पुढे सरकवायची, तिच्या शेजारची आणखी एका पट्ट्याने, की पट्टे आपोआप दिसले असते. पण वरचा तो अर्ध्याच्या आतला तुकडा कुठे बसेना. बरीच वर्षे लोक रेणूची लांबीच थोडी इकडेतिकडे करून तो जिरवायचा प्रयत्न करत होते.

उत्तर दिले ॲलन हॉज आणि जॉन पेट्रुस्का यांनी, आणि ते छापून आले पुन्हा मद्रासच्याच पुस्तकात. जानेवारी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठाने प्रथिनांच्या रचनेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला होता. त्याच्या रामचंद्रन संपादित ग्रंथात या दोघांचा निबंध आहे. त्यांचे म्हणणे असे की रेणू टोकाला टोक लावून ठेवलेलेच नसतात. एक संपला की मध्ये मोकळी जागा सोडून पुढचा सुरू होतो. ही जागा पट्ट्याच्या साधारण सहा-दशांश, म्हणजे चाळीसेक नॅनोमीटरची. रेणू आणि त्यापुढची जागा मिळून बरोबर पाच पट्टे होतात, आणि तो नडणारा तुकडा हिशेबात बसतो. शेजारचा रेणू एका पट्ट्याने सरकलेला. त्यामुळे तंतुकाच्या आडव्या छेदात काही ठिकाणी पाच रेणू लागतात, तर काही ठिकाणी चार रेणू आणि एक पोकळी. सूक्ष्मदर्शकासाठी लावलेले जड धातूचे रंगद्रव्य पोकळ्यांत जास्त शिरते, म्हणून तिथे पट्टा गडद दिसतो.

दोरात जागोजागी अशा पोकळ्या ठेवून दोर मजबूत कसा राहतो, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. ओढ एका रेणूच्या टोकावरून पुढच्याच्या टोकावर जातच नाही, ती बाजूच्या रेणूंकडे घसरणीने जाते. रेणूंच्या टोकांशी असलेल्या लायसीन या आम्लातून शेजाऱ्यांशी पक्के आडबंध तयार होतात आणि एकमेकांवर आलेला भाग घट्ट धरून ठेवतात. वयाबरोबर हे आडबंध पिकत जातात, आणि म्हाताऱ्या जनावराचे मांस शिजायला जास्त वेळ लागतो त्याचे एक कारण तेच. हाडात तर पोकळ्या वायाही जात नाहीत. तिथे खनिजाचे स्फटिक याच जागांत वाढू लागतात.

वरच्या थरांचे वर्णन फार लांबवत नाही. १९७८ मध्ये क्लीव्हलँडला एरिक बेअर यांच्या गटाने कंडरेचे थर एकात एक असे मांडून दाखवले: रेणू, सूक्ष्मतंतुक, तंतुक, तंतूंचा जुडगा, आणि शेवटी कंडरा. त्यात एक गोष्ट मला सर्वांत मनोवेधक वाटते. सैल सोडलेल्या कंडरेतले तंतू सरळ नसतात, नागमोडी असतात. ध्रुवीकृत प्रकाशात त्यांच्या लाटा स्पष्ट दिसतात. कंडरेला पहिली ओढ बसते तेव्हा आधी या लाटा उलगडतात, रेणूंवर भार नंतर येतो. पहिल्या थोड्याशा ताणाला कंडरा नरम आणि मग एकाएकी ताठ का होते, याचा उलगडा रेणूत शोधून सापडत नाही, तो या लाटांत आहे.

रेणूकडे परत येऊ. रामचंद्रन १९७० मध्ये मद्रास सोडून बंगळूरला गेले आणि तिथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. (क्ष-किरणांच्या छायांवरून त्रिमितीय प्रतिमा बांधण्याची एक गणिती पद्धतही त्यांनी लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये दिली. आजच्या सीटी स्कॅनच्या गणितात तिचा वाटा आहे.) कोलॅजेनने तिथेही त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९७३ मध्ये मंजू बन्सल आणि भटनागर यांच्यासह त्यांनी हायड्रॉक्सिप्रोलीन या आम्लाकडे लक्ष वेधले. पाण्यामार्फत जुळणारे बंध जोडून ते दोर अधिक टिकाऊ करते, असे त्यांचे म्हणणे होते. साध्या प्रोलीनपासून हे आम्ल बनवायला शरीराला क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर तिपेडी दोर शरीराच्या उष्णतेलाच सैल पडू लागतो. लांबच्या सफरींत खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत, त्याचा उगम रेणूतल्या या एका जागेत आहे.

पाणी खरेच तिथे आहे का, हे डोळ्यांनी दिसायला १९९४ उजाडले. जॉर्डी बेला, मार्क ईटन, बार्बरा ब्रॉडस्की आणि हेलन बर्मन यांनी कोलॅजेनसारख्या एका आखूड पेप्टाइडचा स्फटिक मिळवला आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू जागेवर दाखवला. तीन साखळ्या, एकमेकींभोवती गुंफलेल्या. तीन आम्लांमागे थेट बंध एक. भोवती पाण्याच्या रेणूंचे जाळे. म्हणजे क्रिक आणि रिच यांचा एक बंध आणि रामचंद्रन यांचे पाणी, दोन्ही. त्या पेप्टाइडमध्ये मुद्दाम एका ग्लायसीनच्या जागी ॲलनीन घातले होते. शाखेत कार्बनचा एकच अणू जास्त, पण तेवढ्याने तिथला पीळ सैल झाला आणि थेट बंधांच्या जागी पाणी शिरले. ठिसूळ हाडांचा जो आनुवंशिक विकार मुलांत दिसतो, त्यातल्या अनेकांच्या कोलॅजेनमध्ये असाच एका ग्लायसीनचा बदल आढळतो.

रामचंद्रन यांनी हे पाहिले ते आजारपणात. कंपवाताने त्यांना ग्रासले होते. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने त्यांना एवाल्ड पारितोषिक दिले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

स्फटिकातला आखूड तुकडा आणि कंडरेतला पूर्ण लांबीचा रेणू यांच्यात अजून बरेच अंतर होते. २००६ मध्ये जोसेफ ऑर्गल, थॉमस अर्व्हिंग, अँड्र्यू मिलर आणि टिमोथी वेस यांनी ते कमी केले. साधन तेच जुने, उंदराच्या शेपटीतली कंडरा. क्ष-किरण मात्र शिकागोजवळच्या प्रचंड सिंक्रोट्रॉनमधले, मद्रासच्या यंत्रापेक्षा कितीतरी प्रखर. कंडरेतून काही वेगळे न काढता त्यांनी रेणूंचा आतला मार्ग काढला. पाच रेणूंचे एक सूक्ष्मतंतुक बनते, ही कल्पना १९६८ पासून मांडलेली होती, पण ते सुटे काढणे फार अवघड जात होते. चित्रातून दिसले की त्यातले रेणू सरळ जातच नाहीत. वळण घेत घेत ते एका सूक्ष्मतंतुकातून शेजारच्याच्या सीमेत शिरतात. सूक्ष्मतंतुके एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक ओढून बाहेर काढायचे तर शेजारच्यालाही फाडावे लागेल.